'ताई, तेवढं एडिटिंगमध्ये बघा ना'

काल रात्री पावणेबाराला मेसेज आला. एक फोटो, त्यावर लाल गोल काढलेला आणि खाली ओळ: "ताई, हा फोन तेवढा एडिटिंगमध्ये काढून टाकाल का?"

फोटो मीच काढलेला. नवरा-नवरी एकमेकांकडे बघतायत, तिच्या डोळ्यांत पाणी आलंय, आणि बरोबर मधोमध, तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर, एक मोबाईल. मोबाईलच्या मागे मामा. हात उंच, पोट पुढे, चेहऱ्यावर मोठं कर्तव्य पार पाडल्याचं समाधान.

बरं, काढला फोन. मग त्याच्या मागे काय आहे? नवरीचा डावा डोळा आणि अर्धं हसू. ते माझ्या कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? "अहो, एआयनं होतं सगळं आजकाल." होतं ना. मशीन तिला एक डोळा बसवून देईल. चांगला टपोरा, पाणीदार देईल. फक्त तो तिचा नसेल.

गेली चौदा वर्षं मी लग्नाचे फोटो काढते आहे. या चौदा वर्षांत सगळ्यात जास्त कानावर पडलेला शब्द 'स्माइल' नाही, 'नंतर' आहे. नंतर घेऊ. नंतर बघू. नंतर करून टाका तुम्ही. लग्नात हॉल आधी ठरतो, कपडे आधी ठरतात, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लागणार ते आधी ठरतं. फोटो मात्र नंतर. आणि हे सगळे 'नंतर' साचत साचत शेवटी माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडतात.

वेळेचंच घ्या. तयारीचे फोटो सकाळी नऊला सुरू करायचे असं ठरतं. मी साडेआठला हजर असते, दोन बॅगा, स्टँड, असिस्टंट सगळं घेऊन. नवरीचा मेकअप अकराला संपणार असतो, तो साडेबाराला संपतो. मेकअपवालीची चूक नाही. तिला एका चेहऱ्याची वेळ दिलेली असते, आणि ऐनवेळी दोन बहिणी, एक काकू आणि "मला फक्त थोडंसं लावून दे गं" म्हणणारी आत्या खुर्चीत बसून जाते. हा दीड तास कुठून वसूल होतो सांगा? विधी कमी होत नाहीत. जेवण पुढे ढकललं जात नाही. कात्री लागते ती दोघांच्या फोटोंना. त्यासाठी मी पाऊण तास मागितलेला असतो, हातात येतात सात मिनिटं. त्यातली दोन पदर नाहीतर कोट सारखा करण्यात जातात, एकात कोणीतरी "लवकर आटपा, वर सगळे वाट बघतायत" म्हणून ओरडून जातं. उरलेल्या चार मिनिटांत म्हणे एकदम नैसर्गिक, प्रेमात बुडालेले वगैरे दिसले पाहिजेत. घामाघूम झालेली, भुकेली, घाईला आलेली दोन माणसं!

आणि नुसता वेळ जात नाही हो, प्रकाश जातो. संध्याकाळी सूर्य खाली उतरतो तेव्हा ऊन तिरकं, मऊ आणि सोनेरी पडतं. आम्ही ती वेळ सूर्यास्ताचं घड्याळ बघून ठरवलेली असते. तुम्ही तासाभरानं बाहेर येता आणि विचारता, "त्या फोटोत कसं सोनेरी आलंय, तसं का नाही येत?" कारण सूर्य गेला, बाबांनो. तो थांबत नाही, त्याला ॲडव्हान्स दिलेला नसतो. उलटा प्रकार भर दुपारचा. ऊन डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या, नाकाखाली मिशीसारखी सावली. मी म्हणते त्या झाडाच्या सावलीत या, तिथे चेहऱ्यावर एकसारखा उजेड आहे. तर काकांचं मत असतं की उन्हात फोटो "क्लिअर" येतात.

आता हॉलमधल्या दिव्यांबद्दल बोलते. इथे माझं डोकं खरोखर फिरतं.

सजावटवाल्यानं जांभळे आणि गुलाबी एलईडी थेट स्टेजवर मारलेले असतात. डोळ्यांना ते चालतं, कारण आपला मेंदू बराच रंग वजा करून टाकतो. कॅमेरा काही वजा करत नाही. चेहऱ्यावर फक्त लाल आणि निळा उजेड पडला असेल, तर फोटोत हिरव्या रंगाची माहिती जवळजवळ नसतेच. त्वचेचा रंग तिन्ही मिळून बनतो. नसलेला तिसरा मी स्लायडर सरकवून कुठून काढू? मग तक्रार येते, "चेहरे वांग्यासारखे आलेत." आले नाहीत, तुम्ही रंगवलेत. त्यात स्वस्तातले एलईडी असले तर ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा मिचमिचतात. शटरचा वेग जास्त ठेवला की फोटोत आडवे काळे पट्टे. कमी ठेवला की माणसं हललेली. आणि सगळे दिवे मालवून "ग्रँड एंट्री" करायची कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याला मी एकदा त्याच अंधारात माझा कॅमेरा देऊन उभा करणार आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ६४०० वर नेऊनही पुरत नाही, त्यात वर धूर सोडलेला असतो, त्यातून लेझर फिरतो. तो लेझर थेट लेन्समध्ये घुसला तर कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा सेन्सर कायमचा जळू शकतो. माझ्या एका मित्राचा जळला. कॅमेऱ्याची किंमत त्याच्या खिशातून गेली, आणि एंट्रीचे फोटो कमी आले म्हणून बोलणीही त्यानंच खाल्ली.

एक फोन करा. बाकी काही नको. सजावटवाला, दिवेवाला आणि फोटोवाली यांची लग्नाआधी एकमेकांशी गाठ घालून द्या. चेहऱ्यावर साधा पांढरा किंवा हलका पिवळसर दिवा, आणि रंग हवे तेवढे मागच्या भिंतीवर. दहा मिनिटांचं बोलणं आहे. चौदा वर्षांत असा फोन बोटांवर मोजण्याइतक्या जोडप्यांनी केला असेल.

ग्रुप फोटो. हुश्श.

पंचवीस माणसं एका ओळीत उभी करणं म्हणजे काय ते शाळेत शिकवणाऱ्यांना कळेल. एक जण चप्पल शोधायला गेलेला, एक जण जेवायला बसलेला, एक जण रुसलेला. सगळे आले की कुणाचा तरी डोळा मिटतो. हे माझं रडगाणं नाही, याच्यावर चक्क गणित झालंय. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी हिशोब केला की ग्रुपमध्ये कुणाचेही डोळे मिटलेले नकोत तर किती फोटो काढावे लागतील. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीननं भागा, कमी उजेडात दोननं. त्यांना २००६ साली गणितातलं इग नोबेल मिळालं. ते पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात. म्हणजे अठरा माणसं आणि हॉलमधला अंधुक उजेड असेल तर नऊ फोटो. मी तिसऱ्या फोटोला "अजून एक हं" म्हटलं की लगेच, "किती काढताय, एक काढा ना नीट!" आणि मग आठवड्यानं, "काकांचे डोळे मिटलेत, दुसऱ्या फोटोतले लावा." लावते. चेहऱ्यांची अदलाबदल हे माझं रोजचं काम झालंय. पण दुसरा फोटो काढू दिला असेल तरच दुसरे डोळे मिळतात ना?

यादी करा. कोण कोणाबरोबर उभं राहणार, सगळ्यात मोठा गट आधी, मग लहान लहान. एका गटाला तीन मिनिटं धरा. वीस गट म्हणजे एक तास, हे गणित तर इग नोबेलशिवायही जमतं. आणि दोन्हीकडून एकेक खणखणीत आवाजाचं माणूस द्या, ज्याला सगळे नावानं ठाऊक आहेत. मला तुमच्या धाकट्या काकांचा चेहरा माहीत असायचं काही कारण नाही. एकदा मी एका गृहस्थांचे फार प्रेमानं चाळीसेक फोटो काढले. नंतर कळलं, ते चुकून बाजूच्या हॉलमधून आले होते.

तर फोन. मामा काही एकटे नाहीत. मुख्य क्षण आला की पहिल्या दोन रांगा उठून उभ्या राहतात, हात वर जातात आणि माझ्यासमोर चौकोनी पडद्यांची भिंत तयार होते. मी मागे सरकते. फ्लॅशचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, हे भौतिकशास्त्र मामांना कोण समजावणार? मग मी खुर्चीवर चढते. मग कुणीतरी म्हणतं, "ओ मॅडम, मागच्यांना दिसत नाही." मला म्हणतात! ज्या फोटोंसाठी घरच्यांनी मला महिनोन्‌महिने आधी ठरवलं, ते फोटो मी आडवे येणाऱ्या फोनांच्या फटीतून काढायचे. आणि ज्यांच्या लग्नात हे चाललंय ती दोघं समोर बघतात तेव्हा त्यांना माणसांचे चेहरे दिसतच नाहीत, सगळीकडे मोबाईलच्या पाठी. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं, पण ते सांगायला गेलं की लोक म्हणतात धंद्याचं बोलतेय.

हे मी सांगून चालत नाही. मी सांगितलं की मी "ॲटिट्यूडवाली". तुम्ही सांगा. आमंत्रणात एक ओळ, आणि विधीच्या आधी माइकवरून घरच्याच मोठ्या माणसाचा आवाज: दहा मिनिटं फोन खिशात ठेवा, फोटो सगळ्यांना मिळणार आहेत. जिथे आजोबांनी सांगितलं तिथे हूं की चूं झालं नाही.

लग्न झालं की पुढचा अंक. "सगळे फोटो द्या ना, न निवडलेलेसुद्धा." म्हणजे तुम्हाला घास तोंडात असलेली आत्या हवी आहे का? घरात भांडण होईल असले दोनशे फोटो मी आधीच उडवलेले असतात, त्याबद्दल आभार माना. मग "रॉ द्या". रॉ फाइल म्हणजे तयार फोटो नाही, कच्चा माल आहे. १४ बिटच्या रॉमध्ये एका रंगाच्या १६,३८४ छटा साठवता येतात, नेहमीच्या जेपीईजीत २५६. म्हणूनच ती आम्हाला हवी असते आणि कच्ची असल्यामुळेच ती नुसती उघडली की फिकी, मरगळलेली दिसते. दिली की काय होतं? भाऊ फोनवर उघडतो, त्यावर फिल्टर मारतो, नाकं गायब झालेला फोटो माझ्या नावासकट टाकतो. माझं पुढचं काम त्या फोटोवर ठरतं!

आणि ज्यांना चार दिवसांत सगळं हवं असतं, तीच माणसं अल्बमसाठी शंभर फोटो निवडायला दीड वर्ष घेतात. दीड. मध्ये बाळ होतं, घर बदलतं, माझी हार्डडिस्क भरते. त्यानंतर एके दिवशी, "ताई, अजून अल्बम आला नाही?" किंवा त्याहून भारी: "आमच्याकडचा पेनड्राइव्ह चालत नाहीये, तुमच्याकडे असतीलच ना?" माझ्याकडे होते, कारण मी कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो घेते आणि नंतर तीन प्रती ठेवते, त्यातली एक दुसऱ्या जागी. पण आयुष्यभर नाही ठेवत. करारात किती महिने ते लिहिलेलं असतं. करार वाचतो कोण म्हणा, सही करताना सगळे पेन शोधत असतात. फोटो हातात आले त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून ठेवा. आणि फोटोग्राफर निवडताना त्याचे दहा निवडक फोटो बघून भाळू नका, एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे मागा. अंधारातलेसुद्धा. हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात सांगतेय, चांगले दहा फोटो कुणाकडेही असतात.

जेवणाचं बोलणार नव्हते, पण दहा-बारा तास उभं राहिल्यावर "फोटोवाल्यांचं शेवटी बघू" ऐकलं की हात थरथरतात, आणि थरथरत्या हातांनी शटरच्या १/३० सेकंदावर स्पष्ट फोटो येत नाही. एवढंच.

तर तो मेसेज. मी सकाळी उत्तर दिलं, शक्य तितक्या गोड शब्दांत: फोन काढता येणार नाही, पण त्याच क्षणाचा फोटो मामांच्या मोबाईलमध्ये असेलच, अगदी पुढून काढलेला. तो मागवून घ्या, मी अल्बममध्ये लावून देते.

दुपारी उत्तर आलं. "मामांनी व्हिडिओ समजून दाबलं होतं, पण ते चालू झालंच नव्हतं."

उद्या सकाळी नऊचं लग्न आहे. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात. मघाशी नवरीच्या भावाचा फोन येऊन गेला, ग्रुप फोटोंची यादी मागितली होती त्याबद्दल. म्हणाला, "ताई, ती आपण नंतर बघू ना."