‘खाल्लं ते ओकून टाका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘रात्री फ्रिज उघडणाऱ्यांसाठी सात रामबाण उपाय’ नावाची पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवरून नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि तिथून कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचली आहे. काल ती एकोणीस वर्षांच्या भाचीने मला पाठवली. खाली एकच ओळ होती : ‘मावशी, मीठ किती चमचे?’ त्यामुळे सौम्य भाषेची अपेक्षा ठेवू नका.

पोस्ट म्हणते ते असं. एक, बिंज ईटिंग (थोड्या वेळात बेसुमार खाणं आणि थांबताच न येणं) वगैरे थोतांड आहे, जिभेवर ताबा नाही इतकंच. दोन, रात्री जास्त खाल्लं की दुसरा दिवस फक्त लिंबू-मधपाण्यावर काढा, हिशेब फिटतो. तीन, तासाभरात कोमट मीठपाणी पिऊन ओकून टाका. नाहीच जमलं तर रेचक चूर्ण घ्या. चार, रोज सकाळी वजन करून घरच्या ग्रुपवर टाका. पाच, भात आणि साखर कायमची बंद. सहा, जेवणाआधी लिटरभर पाणी. सात, घरात पाकीटबंद खाऊ आणू नका.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांनी नुसता मनस्ताप होईल, याने जीव जाऊ शकतो. भरपूर मीठ घातलेलं पाणी प्यायलं आणि उलटी झालीच नाही, तर ते मीठ रक्तात जातं. रक्तातलं सोडियम झपाट्याने वाढलं की मेंदूच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. मग आकडी, बेशुद्धी. मृत्यूही झालेले आहेत. विष घेतलेल्या माणसालासुद्धा मीठपाणी पाजून ओकवण्याची जुनी रीत डॉक्टरांनी म्हणूनच सोडून दिली. आणि उलटी झाली तरी खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही. वारंवार ओकणाऱ्याच्या शरीरातलं पोटॅशियम घटतं, पायात गोळे येतात, छातीत धडधडतं, हृदयाची लय बिघडते. पोटातल्या आम्लाने दातांचं एनॅमल मऊ पडतं आणि वास जावा म्हणून लगेच ब्रश केला की तेच घासलं जातं. (उलटी झालीच असेल तर साध्या पाण्याने चुळा भरा, ब्रश तासाभराने.) कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल फुगतात, मग मुलगी आरशात बघून म्हणते, ‘चेहरा जाड झालाय’, आणि पुन्हा बाथरूम गाठते.

चूर्णाचं तर्कशास्त्र आणखी विनोदी आहे. अन्नातल्या बहुतेक कॅलरी लहान आतड्यात शोषल्या जातात; जुलाबाची नेहमीची औषधं मुख्यतः त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात काम करतात. बैल गेला अन् झोपा केला! बाहेर पडतं ते पाणी आणि क्षार. काटा किलोभर खाली येतो, चूर्ण थांबवलं की शरीर पाणी धरून ठेवतं, काटा वर जातो, की परत चूर्ण.

‘आयुर्वेदात वमन आहेच की’, हा पोस्टमधला हुकमाचा पत्ता. आहे. पण ते वैद्याच्या देखरेखीखाली, आधी काही दिवस स्नेहन-स्वेदन (तेल-तूप आणि शेक) करून. रात्री साडेअकराला फॅमिली पॅक संपवून बेसिनवर वाकण्याला शास्त्राचं नाव देऊ नका.

आता दुसरा मुद्दा. हा दिसायला निरुपद्रवी आहे, पण खाण्याचा पुढचा झटका इथेच शिजतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे चेष्टेने म्हणतात. ते शरीरशास्त्र म्हणूनही खरं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. ही धडधाकट, स्वतःहून आलेली मुलं होती, पण दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली. पाककृती जमवू लागली, पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पाणी आणि कॉफी ढोसू लागली. नंतर अन्न मोकळं केलं तेव्हा त्यातले काही जण पोट तुडुंब भरूनही थांबू शकेनात. जिभेवर ताबा नसलेले होते म्हणायचं का सगळे? पहिल्या मुद्द्याचं उत्तरही त्यातच आलं.

शिवाय हिशेब फिटण्याइतका तो मुळात झालेलाच नसतो. किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. वडापाव 300 चा धरला, तर रोजच्या गरजेवर पंचविसेक वडापाव जास्तीचे खाल्ले तर एका रात्रीत किलोभर चरबी चढेल. सकाळी काटा दीड किलो वर दिसतो ते मुख्यतः पाणी, मीठ आणि अजून आतड्यात असलेलं अन्न. शरीरात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे राखीव साखरेसोबत) साधारण तीन ग्रॅम पाणी बसतं. चार दिवस नेहमीसारखं जेवलं की ते उतरतं. आणि घरातले मधुमेही आजोबा इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असतील, तर लिंबूपाण्याच्या दिवसाने त्यांची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पोस्ट त्यांच्याही ग्रुपवर आहे, म्हणून सांगते.

झटका येतो कधी ते बघा. सातला हिंजवडीची कॅब, नाश्त्याऐवजी चहा-क्रीमरोल, दुपारी ‘डाएट’ म्हणून काकडी-गाजर, आणि रात्री नऊला घरी पाऊल टाकताच बाकरवडीचं पाकीट उभ्या-उभ्या संपतं. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा घातवार रविवार : दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद, खोलीत एकटं.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो फॉरवर्ड होत नाही. तीन जेवणं आणि दोन लहान खाणी, कुठल्याही दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. आठला शेंगदाणे घातलेले पोहे किंवा अंडी-पोळी; साडेदहा-अकराला एखादं फळ; दुपारी एकला दोन पोळ्या, भाजी, उसळ, ताक; साडेचार-पाचला मूठभर फुटाणे आणि एक फळ; साडेआठला भात-आमटीसकट जेवण. सगळ्यात जास्त गळतं ते पाचचं खाणं, आणि त्याचीच वसुली रात्री होते. फुटाण्याची डबी बॅगेतच ठेवा. रविवारच्या रात्रीची सोय शनिवारी करा. रात्री बिंज झालंच, तर सकाळचा नाश्ता ठरल्या वेळी, भूक नसली तरी थोडा. लोक चुकतात ते इथेच : नाश्ता टाळतात आणि चक्र पुन्हा फिरतं.

सोबत छोटी वही ठेवा : वेळ, काय खाल्लं, कुठे, एकटे होता का, आधी काय झालं होतं. कॅलरी लिहू नका. दहा-बारा दिवसांत तुमची वेळ आणि तुमचं निमित्त कागदावर दिसतं. खावंसं वाटण्याची लाट चढते तशी ओसरतेही. तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर पडा, फोन लावा, जिने उतरून चक्कर मारा.

उरलेलं भराभर. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. ग्रुपवर टाकून कुणाची लाज काढणं हा उपचार नाही, उलट लाजेनेच माणूस लपून खातो. भात कायमचा बंद केला की तोच स्वप्नात येतो. साखर कमी करा हे ठीक. लिटरभर पाण्याबद्दल मिनेसोटाची मुलं सांगून गेली.

सातवा मुद्दा अर्धा मान्य. पाकिटं समोर नसली तर मदत होते, पण उपाशी माणूस साखर-तुपाचा डबाही उघडतो. आणि वजनाची काळजी खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली होती : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्या लोकांनी काट्याबरोबर कंबरही मोजावी. पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 ही मर्यादा. मात्र क्रम महत्त्वाचा. उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की बिंजवर मानसोपचार चालू असताना वजन उतरवायला डाएट करू नये, त्यानेच खाण्याचे झटके येतात.

लग्नात दोन जिलब्या जास्त खाणं म्हणजे बिंज नव्हे. थोड्या वेळात इतरांपेक्षा खूपच जास्त खाणं, थांबता न येणं, नंतर स्वतःची किळस वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी तीन महिने चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. हा २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी सूचीत, स्वतंत्र आजार आहे. ओकणं किंवा चूर्ण चालू असेल तर तीन महिने मोजत बसू नका. वही सोबत न्या. स्टेरॉइड किंवा ओलान्झापिनसारखं भूक वाढवणारं औषध चालू असेल तर ते सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. ओकत असाल तर तेही लपवू नका. पोटॅशियमची तपासणी आणि ईसीजी लगेच करावा लागतो. कुठे जायचं ते सुचत नसेल तर टेलि-मानसच्या 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.