तिळगूळ घ्या, न्यायाचं नंतर बघू

जानेवारीचा तिसरा सोमवार जवळ आला की न्यू जर्सीतल्या आमच्या गावात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. हॉल मिळाला का, आणि काळ्या अमेरिकनांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या फोटोला हार घालायचा का? गावच्या ‘शांतता आणि वांशिक न्याय सोहळा व निधिसंकलन’ समितीत मी तीन वर्षं आहे. पहिल्या वर्षी हार घातला. दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं, हार आपल्याकडे गेलेल्यांच्या फोटोला घालतात. दुसरं कुणीतरी म्हणालं, अहो, गेलेतच ते. तिसऱ्या वर्षी फोटोच लहान केला, कारण प्लॅटिनम प्रायोजकाचा लोगो बॅनरवर मावेना. एवढ्या अनुभवाच्या जोरावर, तुमच्या गावात असा सोहळा करायचा असेल तर काय काय करावं हे मी सांगायला हरकत नाही.

तारखेची चिंता नको. किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा आणि आपली संक्रांत १४ ची. राष्ट्राध्यक्ष रेगन साहेबांनी १९८३ मध्ये जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी किंग यांच्या नावाने सुट्टी देणाऱ्या कायद्यावर सही केली, १९८६ पासून ती पाळली जाऊ लागली, आणि पन्नासही राज्यांनी ती मान्य करायला २००० साल उजाडलं. आपल्याला काय त्याचं! लाँग वीकेंड मिळाला. शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू आणि सोमवारी न्याय. मखर, समई, झेंडूच्या माळा सगळं तेच. हॉलवाल्याशी नीट बोललात तर रविवारचं भाडं अर्धं करतो.

शिवाय संक्रांत हा आपला काळं नेसायचा एकमेव सण. हा योगायोग वाया घालवू नका. सगळ्या बायकांनी काळ्या चंद्रकळा आणि काळ्या पैठण्या नेसून याव्यात आणि सूत्रसंचालिकेने ‘आमच्या संस्कृतीत काळ्या रंगाला केवढा मान आहे बघा’ असं पाहुण्यांना सांगावं. घरी भाचीसाठी स्थळं बघताना ‘मुलगी तशी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ असं म्हणतो त्यातलं ‘पण’ इंग्रजीत आणायचं नाही. गाडीत बसल्यावर ‘ते काळे लोक’, स्टेजवर चढल्यावर ‘आमचे आफ्रिकन-अमेरिकन बंधुभगिनी’. मधल्या वीस पावलांत जीभ बदलायला सराव लागतो, पण जमतं.

आता भाषणं. किंग यांचं १९६३ च्या ऑगस्टमधलं वॉशिंग्टनचं भाषण शाळेतल्या एखाद्या मुलीकडून म्हणवून घ्या. मात्र ‘माझं एक स्वप्न आहे’ या शेवटच्या भागापासूनच सुरुवात करायची. पूर्वार्धात त्यांनी न वटलेल्या चेकची गोष्ट काढली होती. अमेरिकेने काळ्या नागरिकांना दिलेला चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा मारून परत आला, असं ते म्हणाले होते. निधिसंकलनाच्या कार्यक्रमात न वटलेल्या चेकचा विषय अपशकुनी. हे भाषण ज्या मोर्चात झालं तो ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ यांच्यासाठी होता आणि तासाला किमान दोन डॉलर मजुरी ही त्यांची एक मागणी होती, हेही सांगत बसू नका. श्रोत्यांत रेस्टॉरंटवाले असतात. ते जेवणावर सूट देतात.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं एक पत्रही आहे. ते तर मुळीच वाचू नका. सुरुवात वर्तमानपत्राच्या समासात केली म्हणतात, आणि लिहिलंय कुणाबद्दल, तर ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे हो, पण पद्धत चुकली, जरा दमाने घ्या’ असं म्हणणाऱ्या भल्या लोकांबद्दल. म्हणजे पुढच्या तीन रांगांबद्दल. नुसता तणाव नसणं ही एक शांतता आणि न्याय असणं ही दुसरी शांतता, असा काहीतरी बारीक फरकही त्यांनी केलाय. आपल्या बॅनरवर जी शांतता आहे ती पहिली. ‘कृपया शांतता राखा’ या पाटीतली. आपल्याकडे तर हे सगळं चार शब्दांत बसवलेलं आहेच, तिळगूळ घ्या, गोड बोला.

‘किंग आमच्या मुंबईला आले होते’ हे वाक्य मात्र कुणीतरी म्हणायलाच हवं. १९५९ मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी कोरेटाबाई खरंच आले होते, मणिभवनात, गांधीजी राहत त्या जागी मुक्काम केला होता. हे असं सांगायचं की जणू चहा आपल्याच आजीने केला होता. पण त्याच दौऱ्यातली केरळची गोष्ट गाळा. तिथे दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतून आलेले आपले एक अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. किंग आधी चमकले, थोडे दुखावलेही, आणि मग त्यांना वाटलं की खरंच आहे, मी अस्पृश्यच आहे. हे त्यांनी स्वतः १९६५ मध्ये चर्चमधल्या प्रवचनात सांगितलं. आपण सांगितलं तर प्रश्नोत्तरांचा तास लांबतो.

तो कसा लांबतो ते मी पाहिलंय. गेल्या खेपेला मागच्या रांगेतला एक विद्यार्थी उठला. नागपूरचा असावा, बोलण्यावरून तरी. त्याने विचारलं, फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रो लोकांच्या अर्जाची प्रत मागायला डू बॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहिलं, मग इथल्या भिंतीवर या दोघांचे फोटो का नाहीत? सिअॅटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घातली, त्याबद्दल आपल्या मंडळाचं काय म्हणणं आहे?

हॉलमध्ये जी शांतता पसरली ना, ती तिकिटाचे पैसे वसूल करणारी होती. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले. आमच्या सूत्रसंचालिकेचा फोन वाजलाच नव्हता, तरी तिने तो कानाला लावला. मग म्हणाली, ‘खूपच सुंदर प्रश्न! वेळेअभावी आपण तो जेवताना घेऊ.’ जेवताना तो मुलगा रांगेत माझ्या पुढे होता. मी त्याला विचारलं, ‘पुरी घेणार का अजून?’ तेवढाच संवाद झाला. तुम्हीही असंच करा. पुरी हा फार उपयोगी पदार्थ आहे.

आपण इथे कसे आलो, हा विषय तर दाराबाहेर चपलांपाशीच ठेवा. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. युक्तिवाद काय, तर मी उच्चवर्णीय हिंदू, आर्य वंशाचा, म्हणजे गोरा. कोर्टाने १९२३ मध्ये एकमताने सांगितलं, नाही बुवा. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा कितीतरी हिंदी लोकांचंही मग काढून घेतलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर माणसं. सताड उघडलं ते ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने, आणि तो कायदा आला नागरी हक्कांच्या त्याच लाटेवर, जिच्यासाठी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर त्याच वर्षी मार्चमध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या लोकांनी डोक्यावर लाठ्या खाल्ल्या होत्या. थोडक्यात, आपल्या ग्रीन कार्डाच्या रांगेत आपल्या आधी दुसरंच कुणी उभं होतं. हे स्टेजवरून बोलायचं नाही. ‘आम्ही दोन बॅगा आणि वीस डॉलर घेऊन आलो आणि मेहनतीने वर आलो’ हे बोलायचं. प्रत्येक कार्यक्रमात तीन जण हे बोलतात आणि वीस डॉलर तेच असतात.

घरांचा विषय निघाला तर ‘चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट’ आणि ‘एरिया सेफ आहे’ एवढंच म्हणा. दोन्ही शब्द स्वच्छ आहेत. १९३० च्या दशकात कुणी काळ्या लोकांच्या मोहल्ल्यांवर नकाशात लाल रंग भरला आणि बँकांनी तिथे कर्जं का दिली नाहीत, हे नकाशे आता बघून आपल्या घराची किंमत थोडीच कमी करायची आहे!

आता मुख्य गोष्ट, पैसा. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशी टेबलं विका. प्लॅटिनमवाल्याला स्टेजवर खुर्ची, गोल्डला पुष्पगुच्छ, सिल्व्हरला माइकवरून नाव. सायलेंट ऑक्शनमध्ये, म्हणजे कागदावर बोली लिहायच्या लिलावात, पैठणी ठेवा, आणि ती समितीतल्याच बाईने घ्यावी अशी व्यवस्था करा. करसवलतीची पावती दारातच द्या, नाहीतर लोक चेकबुक घरी विसरतात. जमा झालेल्या पैशातून हॉल, केटरर, बॅनर, साउंडवाला आणि ढोलताशाचं पथक वजा जाता जे उरेल त्याला ‘वांशिक न्याय निधी’ म्हणायचं. उरलं नाही तर ‘जनजागृती’ म्हणायचं.

पाहुण्या म्हणून आलेल्या एका वयस्क बाईंनी, चर्चच्या गायकवृंदात गातात त्या, मला एकदा जॉर्जिया गिलमोर यांच्याबद्दल सांगितलं. निधिसंकलनाच्या दृष्टीने ही बाई म्हणजे सगळ्या चुकांचा वस्तुपाठ, म्हणून सांगते.

अलाबामातलं माँटगोमरी. डिसेंबर १९५५ मध्ये बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाल्यावर काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. इतके दिवस लोक कामाला जाणार कसे? शेकडो गाड्या फिरत ठेवायच्या, त्यांना पेट्रोल, दुरुस्ती, विमा. गिलमोर बाई एका खानावळीत स्वयंपाकीण. त्यांनी बायका जमवल्या आणि घरोघरच्या चुलीवर केक, रताळ्याचं सारण घातलेल्या गोड पाई, तळलेल्या कोंबडीची सँडविचं करून विकायला सुरुवात केली. सभांत विकायची, ब्युटी पार्लरमध्ये विकायची, गोऱ्या गिऱ्हाइकांनाही विकायची. आठवड्याच्या सभेत पैसे आणून ओतायचे. त्यातल्या कितीतरी जणी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला होत्या, नाव कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. म्हणून मंडळाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. १९५६ मध्ये बहिष्काराचे पुढारी म्हणून किंग यांच्यावर खटला झाला तेव्हा गिलमोर बाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि त्यांची नोकरी गेलीच. मग किंग यांच्याच सांगण्यावरून त्यांनी घरातच खानावळ काढली आणि तिथे चळवळीतली माणसं जेवू लागली.

बघा म्हणजे. ना बॅनर, ना लोगो, ना पावती. गोऱ्या दात्यालासुद्धा आपण दिलं हे कुणाला सांगता येत नव्हतं. अशाने कुणी पुढच्या वर्षी टेबल घेईल का?

आपल्याकडे भांड्याचंसुद्धा नाव असतं. माझ्या लग्नात मिळालेल्या प्रत्येक पातेल्याच्या पोटावर कुणाच्या तरी स्मरणार्थ काहीतरी कोरलेलं आहे. सोहळ्याला पॉटलक, म्हणजे प्रत्येकीने घरून एक पदार्थ आणायचा असं जेवण, ठेवलंत तर प्रत्येकीला भांड्याखाली पांढरी पट्टी चिकटवून नाव, फोन आणि ‘परत हवे’ असं लिहायला सांगा. आमच्याकडे एका वर्षी कढईवरून जो वाद झाला तो वांशिक न्यायाच्या चर्चेपेक्षा चाळीस मिनिटं जास्त चालला होता.

१९६६ मध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांना किंग आवडत नव्हते. ही माहिती आभारप्रदर्शनात घालू नका. एप्रिल १९६८ मध्ये त्यांना मेम्फिसमध्ये गोळी घातली तेव्हा ते तिथे कशाला गेले होते, तर कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपाला. हेही नको. ‘शांतिदूत’ पुरे. शेवटी सगळ्यांनी हात धरून गाणं म्हणायचं आणि हात सोडले की फोटो.

आणि हो, सफाईचे जास्तीचे पैसे हॉलवाल्याला कबूल करू नका. ‘आपणच झाडू की, कितीसा वेळ लागतो’ असं समितीच्या बैठकीत एकमताने ठरवा. नंतर कुणीच थांबत नाही, प्रत्येकाच्या मुलाची सकाळी शाळा असते. मग हॉलचा माणूस सुट्टीच्या दिवशी रात्री दहाला काळी पिशवी घेऊन येतो आणि झेंडूच्या पाकळ्या वेचायला लागतो. कार्पेटला चिकटल्या की निघत नाहीत त्या.

तो एक स्टीलचा डबा उचलून धरेल आणि हा कुणाचा म्हणून विचारेल. मला विचारलं होतं. उलटा करून दाखवला, खालची अक्षरं त्याला कुठली वाचता येणार! माझ्या सासूबाईंचा होता, त्यांच्या माहेरच्या नावाने कोरलेला. तुम्ही ‘माझाच’ म्हणून डबा घ्या. आत दोन वड्या उरल्या असतील तर त्याच्या हातावर ठेवा. त्यापुढे जे म्हणायचं असतं ते इंग्रजीत कसं म्हणतात, ते आमच्या समितीत अजून ठरलेलं नाही.