रेंटलचा फॉर्म कुठे मिळतो? 'कळवेकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कळवेकर दादा (ताई असाल तर माफ करा, नावावरून कळत नाही), तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आधी रागच आला, मग सकाळी चहा घेताना परत वाचली तेव्हा वाटलं की निम्मं तर बरोबरच बोलताय तुम्ही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या पोस्टला मी 'ठाण्यात कमी भाड्यात घर' असं नाव दिलं आणि आत सगळं ॲग्रीमेंट, डिपॉझिट, उत्पन्नाचा दाखला हेच लिहिलं, एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) रेंटल घरांवर जेमतेम एक ओळ. त्यावर यांचं म्हणणं असं की सरकारने भाड्याने द्यायला एवढी घरं बांधली, त्याचा अर्ज कुठे करायचा ते सांगायचं सोडून ही बाई दलालांची जाहिरात करत बसलीय.

अर्ज कुठे करायचा ते लिहिलं नाही कारण तुम्हीआम्ही जाऊन भरावा असा अर्जच नाहीये. पण मग 'नाहीये' हे तरी लिहायला हवं होतं, ते नाही लिहिलं, ही चूक माझी. आता लिहिते.

२००८ साली एमएमआरडीएची रेंटल हाउसिंग स्कीम आली तेव्हा आयडिया अशी होती की बिल्डरला ४ एफएसआय द्यायचा, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकामाची परवानगी, त्याने विकायचे टॉवर बांधायचे आणि बदल्यात त्याच जागेवर १६० स्क्वेअर फुटांच्या खोल्या बांधून एमएमआरडीएला फुकट द्यायच्या, म्हणजे त्या कमी पगाराच्या लोकांना स्वस्तात भाड्याने देता येतील आणि झोपडपट्टी वाढणार नाही. कागदावर झकास. टॉवर झाले, खोल्याही झाल्या, पण काही वर्षांतच धोरण बदललं आणि भाड्याऐवजी विकायच्या परवडणाऱ्या घरांकडे गाडी वळली. ज्या खोल्या आधीच बांधून झाल्या होत्या त्यातल्या ठाण्यातल्या बऱ्याच महापालिकेकडे आल्या, आणि पालिकेला तेव्हा वेगळीच निकड होती. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याला ती बिल्डिंग पडली, ७४ माणसं गेली, आठवत असेलच. त्यानंतर धोकादायक बिल्डिंगी खाली करायच्या तर आतल्या लोकांना ठेवायचं कुठे हा प्रश्न होता, त्यात रस्ता रुंदीकरणात घर गेलेले लोक. मग रेंटलच्या खोल्या त्यांना मिळायला लागल्या. म्हणजे ठाण्यात सरकारी भाड्याचं घर अर्ज करून मिळत नाही, तुमची बिल्डिंग सी-वन, म्हणजे अतिधोकादायक, ठरली की मिळतं. हे मी चेष्टेत बोलत नाहीये, माझ्या मावशीला असंच मिळालं.

मावशी किसननगरला तीस वर्षं राहिली, तिच्या बिल्डिंगला नोटीस लागली आणि पावसाळ्याच्या तोंडावर सामान हलवायला लागलं. मी टेम्पोबरोबर गेले होते म्हणून ती खोली मला पाठ आहे. एका भिंतीला ओटा, त्याच्या बाजूलाच संडास-बाथरूम, उरलेल्या जागेत पलंग टाकला की दरवाजा अर्धाच उघडतो. गोदरेजचं कपाट आत गेलंच नाही, दोन हमाल आणि काका आडवं-उभं करून दमले आणि शेवटी ते माझ्याकडे आलं, अजून आमच्या गॅलरीत उभं आहे, वर माझ्या कुंड्या. पण भाडं नाममात्र, पाणी होतं, आणि डोक्यावरचा स्लॅब पडेल ही भीती नाही, म्हणून ती कुरकुर करत नाही. फक्त दर नातेवाइकाला सांगते, हे घर माझं नाही हो, बिल्डिंग झाली की परत जायचंय. बिल्डिंग कधी होणार ते विचारू नका.

आता पैशाचं. मावशीकडे जाता-येता एक माणूस भेटला होता, रेंटलचा फॉर्म देतो म्हणाला, फॉर्मचे २ हजार आणि काम झालं की पुढचं बोलू. माझ्या ओळखीतल्या एका बाईने दिलेही, पुढे फोन बंद. म्हणून सांगते, रेंटलची खोली विकत मिळत नाही, तिचा फॉर्मही विकत मिळत नाही, आणि ज्याला ती पालिकेने राहायला दिलीय तो ती तुम्हाला 'परस्पर' देतो म्हणाला तर कधी बाहेर काढतील याचा नेम नाही. हे मी मागच्या वेळी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

नवी मुंबईचं तुम्ही लिहिलंय की 'तिकडे सिडको देते ना'. नाही दादा, सिडकोची लॉटरी घर विकत घेण्याची आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात २६ हजार घरांची योजना आली तेव्हा माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी २३६ रुपये भरून नाव नोंदवलं, मग जानेवारीत किमती जाहीर झाल्या आणि तळोजाचे आकडे बघून डब्याच्या टेबलवर शांतता. भाड्याचा त्यात विषयच नाही. म्हाडाच्या कोकण मंडळाचंही तेच. पनवेलजवळ कोनला रेंटल स्कीममधलीच घरं होती, ती दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांची करून गिरणी कामगारांना २०१६ च्या सोडतीत विकत दिली, मध्ये कोविड सेंटरही झालं तिथे. म्हणजे तिथेही भाडेकरू कोणी नाहीच.

केंद्राचं मात्र आहे, ते खरंच मी सोडलं होतं. २०२० च्या जुलैत भाड्याच्या घरांची योजना मंजूर झाली, त्यात सरकारी पैशातून बांधून पडून असलेली घरं दुरुस्त करून भाड्याने द्यायची किंवा कंपन्यांनी-संस्थांनी स्वतःच्या जागेवर नवीन बांधायची, २५ वर्षं भाड्यानेच ठेवायची, भाडं दोन वर्षांनी ८ टक्क्यांवर वाढवायचं नाही. चंदीगड, सुरतला अशी रिकामी घरं दिलीही गेली. आता १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये भाड्याची घरं हा चारातला एक भाग आहे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर आर्थिक दुर्बल, ६ पर्यंत अल्प, ९ पर्यंत मध्यम. पण यात गोम अशी की सवलत बांधणाऱ्याला आहे, तुमच्या खात्यात भाड्याचे पैसे येत नाहीत, त्यामुळे आपल्या शहरात अशी बिल्डिंग उभी राहीपर्यंत नुसती नावनोंदणी करून काही होत नाही. सायबर कॅफेवाला 'आवास योजनेत भाडं मिळतं, फॉर्म भरून देतो' म्हणाला तर त्याला विचारा, कुठल्या बिल्डिंगमधलं.

एकट्या नोकरी करणाऱ्या बाईसाठी एक दार आहे, सखी निवास, म्हणजे आधीचं वर्किंग वुमन हॉस्टेल. महानगरात पगार महिना ५० हजारांच्या आत हवा, आणि भाडं पगारावर ठरतं, एकटीची खोली असेल तर पगाराच्या १५ टक्क्यांच्या वर नाही, दोघींत १० टक्के, डॉर्मिटरीत साडेसात. २० हजार पगार असलेल्या मुलीला दोघींच्या खोलीत जास्तीत जास्त २ हजार पडतात, घणसोलीत या पैशात पीजीवाला गादी पण देणार नाही. साधारण ३ वर्षं राहता येतं. यात रांगेत थांबायची तयारी ठेवा, कारण जागा कमी आणि मुली जास्त.

राहिलं ॲग्रीमेंटचं पुराण, ज्याला तुम्ही दलालांची जाहिरात म्हणालात. ते लिहिलं कारण २०१९ ला मी एका सरकारी योजनेची फाइल घेऊन एका ऑफिसात गेले, खिडकीवरच्या साहेबांनी सगळे कागद पालथे घातले आणि पत्त्याच्या पुराव्यावर बोट ठेवून म्हणाले, हे नोटरीचं आहे, चालणार नाही. तीन वर्षं त्या घरात राहत होते, भाडं रोख देत होते आणि कागदावर मी कुठेच राहत नव्हते. महाराष्ट्रात भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ॲग्रीमेंट लेखी आणि नोंदवलेलं हवं, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, हे बऱ्याच मालकांना माहीत असतं पण ऐकायचं नसतं. खर्चही एजंट सांगतो तेवढा नाही. १८ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट, ११ महिने धरा तर एकूण भाडं १ लाख ९८ हजार, त्यात डिपॉझिटवरचं १० टक्के मानीव व्याज (कोणी देत नाही, फक्त हिशोबाला धरायचं) साधारण ९ हजार मिळवा, त्याच्या पाव टक्का स्टँप ड्युटी, म्हणजे सव्वापाचशेच्या आत, वर महापालिका हद्दीत नोंदणीचे १ हजार आणि थोडे हाताळणीचे. ऑनलाइन घरबसल्या होतं. एजंटने माझ्याकडे साडेचार हजार मागितले होते.

पोस्टचं शीर्षक आज बदललंय, 'कमी भाड्यात घर' काढून 'भाड्याच्या घराचे कागद' केलंय, वर रेंटलवाल्या भागाची लिंकही टाकते. आणि दलाल मला किती देतो असं विचारलंत ना, तर या मे महिन्यात घर बदललं तेव्हा मीच त्याला एक महिन्याचं भाडं मोजलंय, पावती मागितली तर हसला.