‘वसूल झाले की थांबेल’ म्हणे!

गेल्या आठवड्यात माझ्या आत्यांनी चार पाटल्या रुमालात बांधल्या आणि सराफाकडे निघण्यापूर्वी मला एक व्हॉट्सॲप संदेश वाचून दाखवला. जुगारी मुलाला मार्गावर कसे आणावे, हे सांगणारा तो संदेश सोलापुरात सध्या गटागटांतून फिरतो आहे. आत्येभाऊ अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे आणि मटक्यावरून तो मोबाइलवरच्या रमीपर्यंत पोचला आहे.

संदेश म्हणतो की जुगार हे व्यसन नव्हे, कारण दारू-तंबाखूसारखे शरीरात काही जातच नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत जुगारविकाराला दारू आणि इतर अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच प्रकरणात बसवले, यावर मला अधिक काही सांगायचे नाही.

खरा घात पुढच्या सल्ल्यात आहे. ‘त्याचे कर्ज एकदाचे फेडा, वर थोडे भांडवल द्या, गेलेले पैसे वसूल झाले की तो आपणच थांबेल.’ त्याच निदानपुस्तिकेत या विकाराची नऊ लक्षणे दिली आहेत आणि वर्षभरात त्यांपैकी चार आढळली तरी निदान होते. हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळायला जाणे हे त्यांतले एक लक्षण, आणि जुगाराने ओढवलेल्या आर्थिक अडचणीतून सुटण्यासाठी दुसऱ्यांच्या पैशांवर विसंबणे हे दुसरे. म्हणजे ज्याला हा संदेश उपाय म्हणतो, ती आजाराची दोन लक्षणे आहेत आणि ती आईच्या पाटल्या विकून पोसायची आहेत.

वसुलीचा मार्गही संदेशातच आहे: बरेच दिवस न आलेला आकडा धरून बसायचे, कारण तो आता ‘यायलाच हवा’. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे असतात आणि एका आकड्याला सर्वसाधारणपणे नऊपट पैसे मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले, तर शंभर जातात आणि नव्वद परत येतात. वसुलीचे गणित इथेच संपते. सोडत प्रामाणिक आहे असे धरले, तरी दहा दिवस न आलेला आकडा अकराव्या दिवशी येण्याची शक्यता पुन्हा दहात एकच असते, कारण आकड्याला कालचे काही आठवत नसते. (आणि मटक्याची सोडत प्रामाणिक असते, असे मटका खेळणाराही छातीवर हात ठेवून सांगणार नाही.)

पुष्कळजण उपचारांशिवाय सुटतात, हा संदेशातला मुद्दा मात्र मला नाइलाजाने अर्धा मान्य करावा लागतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील दोन राष्ट्रीय पाहण्यांवर आधारलेल्या अभ्यासात सुमारे एक-तृतीयांश लोक औपचारिक उपचार न घेता बरे झालेले दिसले. परंतु उरलेल्या दोन-तृतीयांशांबद्दल संदेश चकार शब्द काढत नाही, आणि आपला मुलगा कोणत्या गटातला हे आत्यांनी कसे ओळखावे, हेही सांगत नाही.

मुलाचे लग्न लावून देण्याच्या संदेशातल्या सल्ल्यावर बोलण्याचीही इच्छा नाही. परक्याच्या मुलीला औषध समजणाऱ्यांशी काय वाद घालायचा? ‘आता कायदा आला, प्रश्न मिटला’ या वाक्याबद्दल एवढेच सांगतो की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये बंदी घालणारा कायदा झाला ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहे आणि मटका त्यानंतरच जन्माला आला.

ज्या उपचारांना संशोधनाचा आधार आहे, त्यांत बोधात्मक वर्तनोपचार प्रमुख आहे. ‘आता आपला आकडा लागणार’ यासारखे विचार समुपदेशकाबरोबर तपासले जातात आणि खेळायला उठवणारे प्रसंग, म्हणजे पगाराचा दिवस किंवा रिकामी संध्याकाळ, आधीच हेरून त्यांची तजवीज केली जाते. पगाराचे खाते काही काळ घरच्यांच्या हाती ठेवणे आणि सावकाराचे देणे त्याच्या हाती रोख न देता परस्पर, हप्त्याहप्त्याने फेडणे, हे घरातही करता येते. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते. आत्यांनी तो माझ्याकडून कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला आणि पाटल्या पुन्हा कपाटात ठेवल्या.