‘निसर्ग डावखुरा, लेझर मारून बघा’: या मजकुरात चूक कुठे आहे

“निसर्ग डावखुरा आहे. सजीवांतले सगळे रेणू डावे, म्हणून ते प्रकाश डावीकडे फिरवतात. कारखान्यातले रेणू उजवे, ते शरीराला चालत नाहीत. लेझर मारला की नैसर्गिक-कृत्रिम लगेच कळतं.” असा मजकूर ग्रुपांमधून फिरतो आहे. रेणू डावे-उजवे असतात (दोन हातांसारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा), एवढं खरं. पुढचं नाही.

सगळे डावे? प्रथिनांतली अमिनो आम्लं डाव्या घडणीची असतात. पण पेशीतल्या बहुतेक शर्करा उजव्या, डीएनएचा नेहमीचा पीळही उजवा. आपल्या मेंदूतसुद्धा उजवं सेरीन काम करतं.

डावा रेणू प्रकाश डावीकडेच फिरवतो? खरी गल्लत इथे आहे. रेणूची घडण वेगळी आणि त्यातून जाणाऱ्या ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं वळण वेगळं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही उजव्या कुळातली. ग्लुकोजच्या द्रावणात प्रकाश उजवीकडे वळतो, फ्रुक्टोजच्या द्रावणात डावीकडे, आणि तोही जास्त. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये पोलारिमीटरवर, म्हणजे हे वळण मोजणाऱ्या उपकरणावर, हे रोज दिसतं. उसाची साखर प्रकाश उजवीकडे वळवते, त्यावरूनच रसाचा पोल (साखरेच्या प्रमाणाचा आकडा) काढतात. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि पोल घसरतो. साखरेच्या पाण्यात थोडं आम्ल घालून गरम करत राहिलं, तर आकडा उतरत शून्यावर येतो आणि पुढे डावीकडे जातो. यात एकाही उजव्या रेणूचा डावा झालेला नसतो.

कारखान्यातलं ते उजवं, हेही चूक. साध्या संश्लेषणात दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे बनतात, वळण शून्य. हवा तो एकच प्रकार बनवणाऱ्या उत्प्रेरकांसाठी नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस या रसायनशास्त्रज्ञांना २००१चं नोबेल मिळालं. अशा उत्प्रेरकाने बनवलेलं मेंथॉल आणि पुदिन्याच्या तेलातलं मेंथॉल प्रकाश सारखाच वळवतात.

राहिला लेझर. असे छोटे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीहून शेकडो पटींनी लहान असतात. त्यामुळे डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित (पुढे जाताना कंपनाची दिशा फिरत जाणाऱ्या) प्रकाशाच्या शोषणातला फरक सहसा हजारात एखाद्या भागाचा, अनेकदा त्याहूनही कमी. म्हणूनच जर्मनीतल्या कासेल विद्यापीठाचं २०१२चं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथे कापराच्या वाफेवर फेम्टोसेकंद (अतिशय क्षणिक) लेझरचे वर्तुळाकार ध्रुवित स्पंद सोडले. रेणूंतून सुटलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या पुढच्या दिशेला जास्त गेले की मागच्या, यावरून रेणूची बाजू ओळखली. हा फरक टक्क्यांत मोजण्याइतका मोठा निघाला. त्यासाठी निर्वात कक्ष आणि इलेक्ट्रॉन टिपणारा डिटेक्टर लागला. बाजारातलं लेझर पेन पुदिन्याच्या गोळीवर रोखून यातलं काहीच कळत नाही.