‘हौशी लोकांचे लाड’ म्हणणाऱ्या वाचकाला

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बेपत्ता माणसं शोधायला पोलिसांनी पॅरामोटर (पाठीवर इंजिन, डोक्यावर कापडी पंख) वापरावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘ड्रोन असताना हे हौशी लोकांचे लाड कशाला? आवाज लांबवर जातो आणि इंजिन बंद पडलं की पोलीस दगडासारखा खाली येणार.’ पटलं नाही तर तसं सांगा, पण ‘लाड’ ही काय भाषा झाली? मी आजवर माझ्याच पैशाने उडत आलोय.

आवाजाचं मान्य. टू-स्ट्रोक इंजिन कर्कशच असतं. लपूनछपून पाळत ठेवायला ते उपयोगाचं नाही.

पण ‘दगडासारखा’? अहो, इंजिन फक्त पुढे ढकलतं. माणसाला तोलून धरतो तो डोक्यावरचा पंख, आणि इंजिन थांबलं म्हणून तो मिटत नाही. सेकंदाला दीड-दोन मीटरने तुम्ही खाली येता. अडीचशे मीटरवर असाल तर जागा शोधायला दोन मिनिटं हातात असतात.

माझं इंजिन हवेत तीनदा बंद पडलंय. शेवटच्या वेळी खाली नांगरलेलं रान होतं. एकदम शांत झालं, दोऱ्यांतून वाऱ्याची शीळ ऐकू यायला लागली. धूळ कुठे उडतेय ते पाहिलं, वाऱ्याला तोंड दिलं, ढेकळं पायाखाली दिसायला लागल्यावर पंखाच्या दोन्ही ब्रेकच्या दोऱ्या कमरेपर्यंत ओढल्या. पाठीवर पंचवीस किलो घेऊन चार पावलं धावलो आणि उभा राहिलो. गुडघ्याला माती लागली नाही. तुम्ही कधी हार्नेस तरी बांधलाय का?

धोका काढायचाच होता तर वाऱ्याचा काढायचा. दुपारी जमीन तापली की थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, पंख एका बाजूने मिटू शकतो, आणि खालच्या उंचीवर तो पुन्हा भरायला वेळ मिळत नाही. म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळच धरतो. विजेच्या तारांनाही मी आजही घाबरतो. अमेरिकेच्या ‘पार्ट 103’ या अतिहलक्या विमानांच्या नियमात दाट वस्तीवरून उडायला बंदी आहे, ती योग्यच आहे. मी मोकळ्या रानाबद्दल बोलतोय.

राहिला ड्रोन. छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण अर्ध्या तासात संपते, पॅरामोटर एका टाकीत दोन तास सहज फिरते. त्यावर आणखी लिहीत बसत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तेवढा ‘लाड’ शब्द मागे घ्या.