‘फळीला तारा लावून १६ हजार’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू आमच्या पोरांनी दुकानात मोठ्यानं वाचला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्याकडून सिंगल पिकअपची इलेक्ट्रिक गिटार नेली (पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक-कॉइल, जे तारांचा आवाज उचलतं). तुमचं म्हणणं असं, की ही नुसती फळी आहे. एकच पिकअप, दोनच नॉब, सूर लचकवायचा ट्रेमोलोचा दांडा नाही. घरी लावली की घूं-घूं करते. वरच्या फ्रेटवर (पडद्यांवर) तिसरी तार चढी बोलते. ऑनलाइन ९ हजारांत तीन पिकअपवाली मिळते, आणि ‘व्हिंटेज’ म्हणून आम्ही लोकांना गंडवतो.

आधी गंडवण्याचं बोलू. बिल काढून बघा, ‘नवीन, १९५४ च्या घडणीची, दुकानात बनवलेली’ असं छापलेलं आहे. ज्या गिटारीवरून, म्हणजे अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल ज्युनियर’वरून, ही बेतली ती अस्सल त्या काळची आज काही लाखांना जाते. तशी माझ्याकडे असती तर मी गडचिरोलीतल्या वडशाला ढोलकीला वाद्या ओढत बसलो नसतो.

आता फळी. हे म्हणणारे तुम्ही पहिले नाही. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्तीवाला होता. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यानं १९५० मध्ये सपाट लाकडाला दांडी (जिच्यावर बोटं चालतात ती मान) स्क्रूनं आवळून एका पिकअपची ‘एस्क्वायर’ बाजारात आणली, तेव्हा तिला होडीचं वल्हं म्हणून हसले लोक. पण खपली. गिब्सनवाले खानदानी, १९०२ पासूनची कंपनी, लाकूड कोरून घुमट काढणारे. त्यांनी १९५२ मध्ये ‘लेस पॉल’ काढली ती महोगनीवर मेपलचा कोरीव थर आणि वरून सोनेरी रंग देऊन. देखणी, पण शिकाऊ पोराच्या खिशाबाहेरची. म्हणून १९५४ मध्ये त्यांनी ‘लेस पॉल ज्युनियर’ आणली. कोरीव काम नाही, मेपलचा थर नाही, महोगनीची पावणेदोन इंच जाडीची सरळ फळी, पुलाजवळ (तारा टेकतात त्या ब्रिजजवळ) एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. किंमत साडेनव्याण्णव डॉलर, सोनेरीच्या निम्म्याहून कमी. आणि खपली सोनेरीपेक्षा जास्त.

काटकसर कुठे केली आणि कुठे नाही, हे बघण्यासारखं आहे. दांडी मात्र चिकटवलेलीच ठेवली, महाग मॉडेलसारखी. पिकअपही महाग मॉडेलमधलाच, पी-९०. म्हणजे जिथून आवाज येतो तिथे हात आखडला नाही, जिथून नुसती शोभा येते तिथे छाटलं. ९ हजारांच्या गिटारीत बरोबर उलटं असतं: चकाकी आणि स्विच भरपूर, पण खुंट्या अशा की एक गाणं संपेस्तोवर सूर उतरतो.

आमच्या गिटारीचं लाकूड तून आहे. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याला हेच वापरतात. तून महोगनीच्याच कुळातला, आणि आपला कडुनिंबही त्याच कुळातला, हे ऐकून गिऱ्हाइकं हसतात. सागवान आमच्या दारात पडलेलं असतं, गडचिरोलीचं, एक नंबर, पण गळ्यात घालून रात्रभर उभं राहायचं तर खांदा सांगतो की नको.

पिकअप दुकानातच गुंडाळतो. गुंडाळणारा पोरगा शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी भरायचा. आता तोच हात केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेवर बसलाय, ४२ गेजच्या. एका पिकअपला साधारण दहा हजार वेढे लागतात. तार जास्त ओढली तर तुटते, ढिली सोडली तर कॉइल आतल्या आत थरथरते आणि मोठ्या आवाजाला शिट्टी मारते. गुंडाळून झालं की मेणात बुडवायची. तुमच्या १६ हजारांतले बरेचसे या टेबलावर गेलेत.

एकच पिकअप काहून, हा तुमचा खरा प्रश्न. दांडीजवळ दुसरा पिकअप बसवला की त्याचं लोहचुंबकही तारांना खाली ओढतं. तो नसला की तार मोकळी डोलते, नाद जास्त वेळ टिकतो. पिकअप बदलायचा स्विच नाही, म्हणजे पिकअप ते पिन वाट सरळ. आवाज बदलायचा तो हातानं. पुलाजवळ छेडा, धारदार येईल. हात दांडीकडे सरकवा, गोल येईल. अॅम्प फाटेस्तोवर वाढवून ठेवा आणि गिटारीचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणा, तोच आवाज साफ होतो. सोलोला परत दहावर. तुकडोजी महाराजांच्या हातात तरी काय होतं, एवढीशी खंजिरी. पण गाव उठून बसायचं.

अमेरिकेतही हेच झालं. १९५८ मध्ये ज्युनियरला दोन्ही बाजूंनी खाचा आल्या, १९६१ मध्ये अंगच बदलून पातळ शिंगवाली केली, आणि जुन्या ज्युनियर सेकंडहँडमध्ये स्वस्तात पडून राहिल्या. ज्यांच्या हातात त्या गेल्या ते शिकाऊ नव्हते: ‘माउंटन’चा लेस्ली वेस्ट, न्यूयॉर्कचा जॉनी थंडर्स, ‘द क्लॅश’चा मिक जोन्स. ‘ग्रीन डे’चा बिली जो आर्मस्ट्राँग स्टेजवर १९५६ ची ज्युनियर वाजवतो, आणि त्याला तीन पिकअपची परवडत नाही असं नाही.

माझी गिऱ्हाइकं त्यातली नाहीत. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना वाजवणारी आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत, धान निघालेल्या बांधीत मांडव, रात्री दहाला घंटा, पहाटे भैरवी. वरून दव, खालून धूळ, लाईट जनरेटरवर. असल्या ठिकाणी पाचपोझिशन स्विचची काय गत होते ते मला माहीत आहे, कारण ते उघडायला माझ्याकडेच येतात. आत धूळ आणि हिरवट गंज, अंकाच्या मध्येच आवाज गायब. या गिटारीत बिघडायला दोन पॉट (नॉबखालचे) आणि एक जॅक (पिन घालायची जागा). वादक मध्यंतरात बॅटरीच्या उजेडात सोल्डर मारून परत बसतो.

तुमची घूं-घूं. पी-९० एकेरी कॉइलचा, तो घरातल्या विजेची गुणगुण उचलणारच. गिब्सननं त्यावर इलाजही केला, सेथ लव्हर या त्यांच्या माणसानं दोन कॉइल उलट्या जोडून, आणि १९५७ पासून तो सोनेरी गिटारीत बसला. ज्युनियरला पी-९०च राहिला, आणि लोक तिला त्याच खरखरीत आवाजासाठी शोधतात. थोडी घूं राहील. पण तुम्ही लिहिलंय तेवढी राहायला नको, म्हणून घरी हे करून बघा. गिटार गळ्यात असताना जागेवरच गोल फिरा. फिरताना आवाज कमी-जास्त झाला तर दोष खोलीतल्या ट्यूबच्या चोकचा, फॅनच्या रेग्युलेटरचा किंवा इन्व्हर्टरचा आहे. स्वस्त इन्व्हर्टरवर तर कुठलीही सिंगल कॉइल कोकलते. मग तारांना हात लावा. घूं दबली तर गिटारीची आतली वायर शाबूत आहे. हात लावून काहीच फरक पडला नाही किंवा उलट वाढली, तर पुलाची अर्थची वायर सुटली असेल किंवा आतली वायर चुकली असेल, आणि ते काम आमचं, फुकट. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: अॅम्पची तीन पिन कापून दोन पिन केली असेल तर ती आधी बदला. तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर वाजवू नका, घरातलं अर्थिंग तपासून घ्या. यात गिटारीचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

तिसऱ्या तारेचं तुमचं म्हणणं खरं आहे. पूल आणि तारा अडकवायची पट्टी एकच, दोन स्क्रूवर. प्रत्येक तारेची लांबी वेगळी जुळवता येत नाही. त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली असायची, तिला ही पट्टी चालायची. आता सगळे साधी तिसरी लावतात आणि ती वर चढते. गुंडाळलेली तिसरी लावा, बराच फरक पडेल. मात्र रिसेप्शनच्या ऑर्केस्ट्रात बाराव्या फ्रेटच्या वर हिंदी गाण्यांचे पीस वाजवणं हेच तुमचं रोजचं काम असेल, आणि दांडा हलवून सूर लचकवायचा असेल, तर ही गिटार तुमची नाही. मग तीन पिकअपवालीच घ्या, फक्त खुंट्या बघून घ्या.

बिलावर पंधरा दिवसांची मुदत आहे, ती अजून संपलेली नाही. गिटार आणा, पैसे परत, ओरखडा नसला की झालं. की पुलाची पट्टी बदलून, प्रत्येक तारेला वेगळी लांबी देणारी खाचांची बसवून हवी? तीही आहे, पट्टीचे पैसे लागतील, मजुरी नाही. येताना तुमचाच अॅम्प आणि तीच पिन घेऊन या, आपण इथल्या प्लगवर लावून ऐकू. सध्या नाटकांचा सीझन आहे, पोरं रात्रीची जागलेली असतात, तेव्हा अकराच्या आधी येऊ नका.